स्वादुपिंडाचा रस आणि धोत्र्यातले औषध

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत विज्ञानाचेही एक पुष्प असावे, अशी चिटणीस साहेबांची इच्छा, आणि ते मीच गुंफावे हा त्यांचा आग्रह. मी शाळेत विज्ञान शिकविणारा माणूस. डॉक्टर नव्हे, संशोधक तर नव्हेच. परंतु आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यात येणाऱ्या माणसांत पोट धरून येणारा माणूस रोज दिसतो, हे मी बाहेरच्या बाकावर बसून पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून पोटाशीच संबंध असलेला एक विषय मी निवडला. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आहे. तिच्यातून एक रस पाझरतो. धोत्र्यात सापडणारे एक औषध प्राण्यांना दिले असता त्या रसाचे काय होते, आणि त्यावरून माणसाविषयी काय सांगता येते व काय सांगता येत नाही, एवढेच आज मला सांगायचे आहे.

कुणी म्हणेल, "मास्तर, कुत्र्यामांजरांच्या पोटातल्या रसाशी आम्हांला काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. परंतु आपण औषधाच्या दुकानातून जी गोळी आणतो, तिच्यामागे कुठल्या तरी प्राण्यावर झालेला प्रयोग उभा असतो. त्या प्रयोगाने नेमके काय सिद्ध झाले, हे ठाऊक नसेल तर त्या गोळीकडून आपण भलतीच अपेक्षा करून बसतो. अशा अपेक्षेपायी आमच्या घरात एकदा काय प्रसंग ओढवला, तेही मी पुढे सांगणार आहे.

प्रथम या ग्रंथीची ओळख करून घेऊ. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवी अशी ती पडलेली असते. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. वजन सुमारे १०० ग्रॅम. पण एवढीशी ही ग्रंथी दिवसाकाठी दीड लिटरच्या आसपास रस तयार करून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात सोडते. या रसात दोन गोष्टी मुख्य. पहिली म्हणजे पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचविणारी द्रव्ये. दुसरी म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेला क्षार, आपल्या खाण्याच्या सोड्यात असतो त्याच जातीचा. जठरातून आतड्यात येणारे अन्न आंबट असते. या क्षाराने ते आम्ल मारले जाते, आणि मगच पाचक द्रव्यांना आपले काम नीट करता येते. ही दोन कामे ग्रंथीतील दोन वेगवेगळ्या पेशी करतात. पाचक द्रव्ये तयार करणाऱ्या पेशी निराळ्या, आणि क्षारयुक्त पाणी सोडणाऱ्या, नलिकांच्या अस्तरातील पेशी निराळ्या. हा भेद आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

या रसाचा शोध घेण्याचा उद्योग जुना आहे. हॉलंडमधील रेनिए द ग्राफ या विशीतल्या तरुणाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी बसवून हा रस गोळा केला आणि १६६४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी १८४० नंतरच्या दशकात सशावर निरीक्षणे केली. सशात पित्ताची नलिका आतड्यात वरच्या बाजूस उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली उघडते. स्निग्ध अन्न खाल्लेल्या सशात आतड्यापासून निघणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या स्वादुपिंडाच्या नलिकेच्या खालीच दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या दिसल्या, वर नाही. त्यावरून चरबी पचविण्यात या रसाचा वाटा मोठा आहे, हे त्यांनी ओळखले. प्राण्याची नुसती शरीररचना नीट पाहिली तरी केवढे ज्ञान हाती लागते, याचा हा उत्तम दाखला आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही ग्रंथी चोवीस तास सारख्याच वेगाने वाहत नाही. जेवण झाले की तिचा रस वाढतो. मग जेवण आले, ही वर्दी तिला देतो कोण?

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे इव्हान पाव्हलॉव्ह यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. घंटा आणि कुत्रा यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते ती याच पाव्हलॉव्हची. परंतु १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते पचनक्रियेवरील कामाबद्दल. मेंदूपासून निघून गळ्यातून पोटाकडे उतरणारा व्हेगस नावाचा एक मोठा मज्जातंतू आहे. कुत्र्यामध्ये तो चेतविला की स्वादुपिंडाचा रस वाहू लागतो, हे पाव्हलॉव्ह यांनी दाखविले. आतड्याच्या आरंभीच्या भागात आम्ल घातले तरी रस वाहतो, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसून आले. तेव्हा तर्क असा बांधला गेला की आम्लाची वर्दी मज्जातंतूच पोहोचवीत असले पाहिजेत. तारायंत्राच्या त्या काळात शरीरातील सगळे निरोप तारांवरूनच जात असावेत असे वाटणे स्वाभाविक होते.

हा तर्क १६ जानेवारी १९०२ या दिवशी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पारखला गेला. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोघे तेथे काम करीत. नात्याने ते मेहुणे. स्टार्लिंग यांची बहीण बेलिस यांना दिलेली. त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा निवडला, त्याकडे जाणारे सर्व मज्जातंतू तोडले आणि फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. म्हणजे तारा तुटल्या; रक्ताची वाट तेवढी उरली. मग त्या तुकड्यात आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडाचा रस वाहू लागला!

दोघांनी तेथेच पुढचे पाऊल टाकले. आतड्याच्या आतील अस्तर खरवडून ते आम्लाबरोबर घोटले, गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात रस वाहू लागला. नुसते आम्ल रक्तात टोचून रस येत नाही, हे आधीच माहीत होते. तेव्हा निष्कर्ष एकच निघत होता. आम्ल लागताच आतड्याचे अस्तर एक द्रव्य रक्तात सोडते आणि ते द्रव्य रक्ताबरोबर फिरत स्वादुपिंडापर्यंत जाऊन वर्दी देते. या द्रव्याला त्यांनी सिक्रेटीन हे नाव दिले. अशा रासायनिक निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ च्या आपल्या व्याख्यानांत प्रथम योजला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो.

इथे आपले धोत्र्यातले औषध येते.

धोत्रा आपल्याकडे कुणाला माहीत नाही? उकिरड्यावर, माळावर उगवणारे, भोंग्यासारख्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे आणि काटेरी फळाचे ते झाड महाशिवरात्रीला शंकराला वाहतात. वैद्य आणि हकीम दोघांनीही दम्यावर त्याचा उपयोग केला. आणि धोत्र्याचे बी पोटात गेले की माणूस बरळू लागतो, हेही खेड्यापाड्यात सर्वांना माहीत असते. धोत्र्यात आणि युरोपातील बेलाडोना या त्याच्याच कुळातील झाडात जी विषारी द्रव्ये असतात, त्यांपैकी एक ॲट्रोपीन. ते १८३० च्या दशकात शुद्ध स्वरूपात काढण्यात आले. त्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी जलद चालते. असे का होते? मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि ते ग्रंथीला चेतविते. ॲट्रोपीन हे ग्रंथीवरील त्या द्रव्याची जागा अडवून बसते. म्हणजे निरोप्या दारापर्यंत येतो, पण कडी आतून लावलेली असते.

याचीच उलट बाजू आपल्या शेतकरी बांधवांनी पाहिलेली असेल. काही कीटकनाशके फवारताना विषबाधा झाली की तोंडाला लाळ सुटते, डोळे वाहतात, घामाने अंग भिजते. त्या विषाने शरीरातील ॲसिटिलकोलीन साचून राहते आणि साऱ्या ग्रंथी एकदम वाहू लागतात. अशा वेळी रुग्णालयात जे इंजेक्शन देतात, ते ॲट्रोपीनचेच. एरवी विष असलेली वस्तू मात्रेत आणि जाणत्या हातात कशी तारक होते, ते इथे दिसते. मात्र यावरून कुणी धोत्र्याचा काढा घरी करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. झाडागणिक त्यातील विषाचे प्रमाण बदलते आणि जीव जाऊ शकतो.

बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याला ॲट्रोपीन देऊन मग सिक्रेटीन टोचून पाहिले. रस पूर्वीसारखाच वाहिला. या साध्या निकालाचे महत्त्व फार मोठे आहे. मज्जातंतूंच्या निरोपाला ॲट्रोपीनने कडी लावली होती; तरीही सिक्रेटीनचा निरोप आत पोहोचला. याचा अर्थ या घराला दोन दारे आहेत. एका दाराने मज्जातंतूचा निरोप जातो, आणि त्याने मुख्यतः पाचक द्रव्यांनी भरलेला दाट रस येतो. दुसऱ्या दाराने सिक्रेटीनचा निरोप जातो, आणि त्याने क्षारयुक्त पातळ रस भरपूर येतो. औषध म्हणजे रोग बरा करणारी वस्तू, एवढेच आपण समजतो. इथे मात्र कुठलाही रोग बरा करायचा नव्हता. औषध देऊन शरीराला एक प्रश्न विचारायचा होता, आणि शरीराने त्याचे उत्तर दिले.

पाव्हलॉव्ह यांनी हे कसे घेतले, तेही ऐकण्यासारखे आहे. लंडनची वार्ता आल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग करून पाहण्यात आला. निकाल डोळ्यांनी पाहिल्यावर ते काही न बोलता आपल्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्या दोघांचे म्हणणे खरे आहे, असे त्यांनी मान्य केले, असे त्यांच्या एका शिष्याने लिहून ठेवले आहे. आमच्या शाळांतून पाव्हलॉव्हची घंटा शिकविली जाते. हा अर्धा तासही शिकवावा, असे मला वाटते.

पुढे काळाने पाव्हलॉव्ह यांनाही न्याय दिला. सिक्रेटीन मोठ्या मात्रेत टोचले तर ॲट्रोपीनचा परिणाम दिसत नाही. परंतु प्राणी स्वाभाविकपणे जेवतो तेव्हा रक्तात सिक्रेटीन थोडेच सुटते, आणि त्या थोड्या सिक्रेटीनला मज्जातंतूंची साथ लागते. अशा वेळी ॲट्रोपीन दिल्यास क्षारयुक्त रसही कमी होतो, असे नंतरच्या प्रयोगांत कुत्र्यांत आणि माणसांतही दिसले. तारही खरी आणि रक्तातला निरोप्याही खरा. दोघे मिळून काम करतात.

आता दुसरे एक औषध घेऊ. काचबिंदूच्या काही रोग्यांना ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात. पेशीमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून क्षार तयार होण्याची जी क्रिया चालते, ती वेगाने घडविणाऱ्या द्रव्याला हे औषध रोखते. १९५० नंतरच्या दशकात हे औषध कुत्र्यांना देऊन स्वादुपिंडाचा रस मोजण्यात आला. सिक्रेटीन दिलेले असूनही रस कमी आला आणि त्यातील क्षारही घटला. म्हणजे इथे निरोप पोहोचला, दारही उघडे होते. पण आतल्या कारखान्यातले यंत्रच मंदावले होते. ॲट्रोपीनने निरोपाची वाट दाखविली, तर या औषधाने रस बनतो कसा ते दाखविले. ग्रंथी तीच, रसही कमीच झालेला, पण कारणे दोन. नुसता "रस कमी झाला" एवढा निकाल ऐकून समाधान मानणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

इथवर मी बहुतेक कुत्र्याचीच गोष्ट सांगितली. सगळे प्राणी सारखे असतात काय? नाहीत. कुत्रा, मांजर आणि माणूस यांच्या स्वादुपिंडाच्या रसात, ग्रंथी जोरात वाहत असता, क्षाराचे प्रमाण बरेच मोठे असते. उंदीर-घुशींच्या जातीच्या प्रयोगशाळेतील प्राण्यांत ते त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. सशाची ग्रंथी कुणी चेतविले नाही तरी आपली आपण पाझरत राहते. डुकरात व्हेगस मज्जातंतू चेतविला की पातळ रस भरपूर येतो, आणि तो ॲट्रोपीनने थांबत नाही. पाचक द्रव्ये तेवढी थांबतात. त्याच्या मज्जातंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलीनखेरीज दुसराही एक निरोप्या असतो, हे त्याचे कारण. म्हणजे ज्या औषधाने कुत्र्यात "होय" असे उत्तर दिले, त्यानेच डुकरात "काही अंशी होय, काही अंशी नाही" असे उत्तर दिले. तेव्हा "प्राण्यावर सिद्ध झालेले औषध" असे कुणी सांगितले की पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या प्राण्यावर?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे: निरोगी प्राण्यावर की आजारी प्राण्यावर? त्यासाठी स्वादुपिंडाच्या एका भयंकर रोगाविषयी बोलावे लागेल. ही ग्रंथी प्रथिने पचविणारी द्रव्ये निष्क्रिय स्वरूपात बनविते आणि आतड्यात गेल्यावरच ती कार्यक्षम होतात. निसर्गाने ही काळजी घेतली नसती, तर ग्रंथीने स्वतःलाच पचवून टाकले असते. पित्ताशयातला खडा सरकून नलिकेच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूचे अतिसेवन झाले, की कधी कधी हेच घडते. द्रव्ये ग्रंथीतच जागी होतात, ग्रंथी सुजते आणि पोटात वणवा पेटतो. याला स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणतात.

आता आपणच डॉक्टर आहोत असे समजा. ग्रंथी स्वतःच्या रसाने जळत आहे. ॲट्रोपीनने कुत्र्यात हा रस कमी होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मग रोग्याला ॲट्रोपीन द्यावे, ग्रंथीला विसावा मिळेल, दाह शमेल. किती सरळ विचार! कित्येक वर्षे कित्येक डॉक्टरांनी सद्बुद्धीने तसे केलेही. मग १९७० नंतरच्या दशकात रोग्यांचे दोन गट करून, एकाला औषध देऊन आणि दुसऱ्याला न देता, तुलना करण्यात आली. ॲट्रोपीन घेतलेले रोगी अधिक चांगले झाले नाहीत. पुढे रस कमी करणारी आणखी जोरकस औषधे निघाली. त्यांच्याही अशा तुलना झाल्या, आणि या रोगात त्यांचाही भरवशाचा उपयोग दिसला नाही.

असे का व्हावे? कुत्र्यावरील प्रयोग खोटा होता काय? मुळीच नाही. निरोगी ग्रंथीचा रस ॲट्रोपीनने कमी होतो का, असा त्याला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर अचूक होते. पण रोगी रुग्णालयात पोहोचतो तोवर ग्रंथीतील घातक क्रिया घडून गेलेली असते. प्राण्यांत हा दाह मुद्दाम उत्पन्न करून पाहिले, तेव्हा सुजलेल्या ग्रंथीचा स्राव आधीच मंदावलेला आढळला. जो नळ आपण होऊनच बारीक झाला आहे, तो बंद करून आग विझणार कशी? आज या रोगावर मुख्य उपचार म्हणजे शिरेतून योग्य प्रमाणात द्रव देणे, वेदना शमविणे, श्वास, मूत्रपिंड यांवर बारीक लक्ष ठेवणे आणि खडा अडकला असेल तर तो काढणे. पूर्वी ग्रंथीच्या विसाव्यासाठी रोग्याला कित्येक दिवस उपाशी ठेवीत. आता सोसवेल तसे लवकर अन्न सुरू करतात, कारण तुलना करून पाहता तेच हिताचे ठरले.

आता आमच्या घरातला प्रसंग. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या जेवणानंतर आमच्या चाचांना रात्री पोटाच्या वरच्या भागात कळ उठली. ती थेट पाठीत जात होती. उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला, सोडा दिला. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पोटातली कळ मारणारी गोळी आणली. पोटदुखीवर सर्रास मिळणाऱ्या या गोळ्यांपैकी पुष्कळशा ॲट्रोपीनच्याच जातीचे काम करतात. आतड्याच्या पेटक्यावर त्या उपयोगी आहेत, यात वाद नाही. चाचांना गोळीने तोंडाला कोरड पडली, पण कळ हटेना. "आणखी एक गोळी द्या, उतरेल," असे म्हणता म्हणता रात्र गेली, सकाळही गेली. शेवटी चाचीजींनी निर्धाराने सांगितले, "आता गोळी नको, गाडी बोलवा." आपल्या ट्रस्टच्या रुग्णवाहिकेतून त्यांना रुग्णालयात नेले. रक्ताच्या तपासणीत स्वादुपिंडाचे एक पाचक द्रव्य रक्तात अतोनात वाढलेले निघाले, आणि पित्ताच्या खड्याने हा घोटाळा केल्याचे सोनोग्राफीत दिसले. १७ दिवस ते रुग्णालयात होते. सुदैवाने आज ते या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि ही हकीकत मी त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहे. त्या रात्री गोळीने अपकार केला असे मी म्हणत नाही. गोळीवरच्या भरवशाने जो वेळ गेला, त्याने अपकार केला.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला माझ्या एका विद्यार्थिनीने शिकविली. नववीच्या वर्गात मी इन्शुलीनचा शोध सांगत होतो. हीच ग्रंथी आतड्यात रस सोडते तशी रक्तात इन्शुलीनही सोडते. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते मिळविले आणि तेव्हापासून मधुमेहाच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचले, असे मी सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या कुत्र्यांना काय मिळाले?" वर्ग हसला. ती हसली नाही, आणि मलाही हसू आले नाही.

हा प्रश्न लंडनमध्येही विचारला गेला होता. बेलिस आणि स्टार्लिंग यांच्याच प्रयोगशाळेत एका तपकिरी कुत्र्यावर डिसेंबर १९०२ मध्ये स्वादुपिंडासंबंधी शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये विद्यार्थ्यांपुढे तोच कुत्रा दुसऱ्या प्रयोगासाठी पुन्हा मेजावर घेण्यात आला. प्रेक्षकांत असलेल्या दोन स्वीडिश स्त्रियांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. कुत्र्याला पुरेशी भूल दिली नव्हती, असा जाहीर आरोप झाला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो जिंकला आणि त्यांना २,००० पौंड भरपाई मिळाली. ती रक्कम त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. पण वाद मिटला नाही. १९०६ मध्ये बॅटरसी भागात त्या कुत्र्याचे स्मारक उभारले गेले, त्यावरून विद्यार्थ्यांचे दंगे झाले, १९१० मध्ये ते हलविण्यात आले आणि १९८५ मध्ये तेथे नवे स्मारक उभे राहिले.

या वादात कुणा एकाचीच बाजू घेऊन मी बोलणार नाही. त्या प्रयोगांवाचून संप्रेरकांचे ज्ञान मिळाले नसते, हे खरे. प्राण्यालाही वेदना होतात, हेही तितकेच खरे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची पापे माफ झाली, ही गोष्ट आमच्या घरी लहानपणी सांगत. आपल्या शेजारी धर्मराजाची गोष्ट सांगत. कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास त्याने नकार दिला. दोन्ही घरांत शिकवण एकच होती. आपल्या देशातही १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात प्राण्यांवरील प्रयोगांना नियम घालून दिले आहेत. जिथे दुसरा मार्ग असेल तिथे प्राणी वापरू नये, वापरावाच लागला तर थोडे वापरावेत आणि त्यांना वेदना होऊ देऊ नयेत, हे तत्त्व आता जगभर मान्य आहे. मी त्यात एकच भर घालीन. ज्या प्राण्याने आपल्या देहाने एका प्रश्नाचे उत्तर दिले, त्याचे उत्तर आपण नीट ऐकावे. ते वाढवून सांगू नये, वळवून सांगू नये, आणि त्याच्या जोरावर भलतेच औषध कुणाच्या गळ्यात मारू नये.

मंडळी, माझे म्हणणे संपत आले. जाता जाता व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ उठली, ती पाठीकडे जात असली, सोबत उलट्या असल्या आणि काही तासांत ती उतरली नाही, तर दुसरी गोळी शोधू नये, रुग्णालय गाठावे. आणि एखादे औषध "प्रयोगाने सिद्ध" आहे, असे जाहिरातीत वा शेजाऱ्याच्या तोंडून ऐकले, तर तीन प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारावेत: प्रयोग कोणावर झाला, कोणत्या आजारात झाला, आणि औषध न घेतलेल्यांशी तुलना झाली होती काय? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. पाव्हलॉव्हसारख्या माणसाला जर अर्धा तास विचार करून आपले मत बदलता आले, तर आपल्याला प्रश्न विचारायला संकोच कशाला?

आपल्या ट्रस्टने गेल्या पन्नास वर्षांत दवाखाना चालविला आणि शिष्यवृत्त्याही दिल्या. औषध आणि शिक्षण ही दोन कामे एकाच छपराखाली असणे किती योग्य आहे, हे या विषयाची तयारी करताना मला अधिकच पटले. ही दोन्ही कामे पुढील पन्नास वर्षेही अशीच चालोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.